मी चहा सोडला, ताईने झोप

गेल्या वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता. दुपारच्या सुट्टीत मी लॅबपासून दहा मिनिटांवर असलेल्या चर्चमध्ये गेलो, रांगेत उभा राहिलो आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परत आलो. कॉरिडॉरमध्ये एका सहकाऱ्याने हळूच सांगितलं, "कपाळाला काहीतरी लागलंय." मी म्हटलं, "माहीत आहे." संध्याकाळी नेहमीप्रमाणे वसईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ताई आईची कूस बदलून नुकतीच बसली होती. मी उत्साहात सांगितलं, "यंदा उपवासकाळात चहा पूर्ण बंद. चाळीस दिवस."

ताई म्हणाली, "चांगलं केलंस." मग थोडं थांबून, काही विशेष न बोलल्यासारखं, म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही बघ, काय सोडतेस म्हणून. तीन वर्षं झाली, सलग झोप सुटली आहे."

ती रागावली नव्हती. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी इथे इंग्लंडमध्ये नुकताच पोस्टडॉक म्हणून रुजू झालो होतो. ताईचं सासर गावातच, म्हणून आई तिच्याकडे गेली. ते कुणी ठरवलं असं नाही, तसं झालं. दिवसा एक बाई ठेवली आहे, तिचा पगार मी पाठवतो. रात्र मात्र ताईची. तिचं ते वाक्य मला त्या चाळीस दिवसांत चहापेक्षा जास्त आठवत राहिलं. यंदा १८ फेब्रुवारीला उपवासकाळ पुन्हा सुरू होतो आहे. त्याआधी तो प्रश्न नीट मांडून पाहावा म्हणून हा लेख.

प्रश्न असा: आपण स्वतः निवडलेल्या त्यागाला नैतिक किंमत किती, जेव्हा आपल्याच घरात कुणीतरी न निवडलेला त्याग रोज करत असतं?

या नियतकालिकाच्या बऱ्याच वाचकांना उपवासकाळ ऐकून माहीत असेल, म्हणून थोडं सांगतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. उरले चाळीस. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून राख केली जाते आणि ती कपाळाला लावताना आपण मातीचे आहोत याची आठवण करून दिली जाते. आम्हा कॅथलिकांचे नियम तसे सौम्य आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक उपास, म्हणजे एकच पूर्ण जेवण, आणि दर शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकी ज्याने त्याने आपापलं काहीतरी सोडायचं. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणाऱ्या घरांतल्या वाचकांना हे परकं वाटू नये.

आणि चातुर्मासासारख्याच यातही पळवाटा आहेत. मांस वर्ज्य, पण मासळी चालते. वसईत लहानपणी शुक्रवारी मटण नाही म्हणून आमच्याकडे पापलेट येई, आणि आम्हा मुलांना ते प्रायश्चित्त मुळीच जड जात नसे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुठल्याही धर्माला बसते.

ही गंमत सोडली, तरी एक खरा पेच या काळाच्या पहिल्याच दिवशी समोर येतो. राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना चेहरा धुवा, लोकांना कळू देऊ नका, दान करा तेही गुपचूप. हे वाचून झालं की आम्ही सगळे रांगेने पुढे जातो आणि सर्वांना दिसेल अशी राख कपाळावर घेऊन बाहेर पडतो. मी बारा वर्षांचा असताना हे फादरांना विचारलं होतं. ते हसून म्हणाले होते की राख पुण्याची खूण नाही, ती गरजेची खूण आहे. आजारी माणूस बँडेज लपवत नाही. उत्तर मला पटलं होतं. पण गेल्या वर्षी ताईला चहाचं सांगताना माझ्या आवाजात बँडेज बांधलेल्या माणसाचा स्वर नव्हता. पदक मिळालेल्या माणसाचा होता.

निवडलेल्या त्यागात हा धोका असतोच. काय सोडायचं, किती, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं माझ्या हातात. ईस्टरची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते. २० एप्रिलला सकाळी मी आल्याचा चहा पिणार हे मला ५ मार्चलाच माहीत होतं. ताईच्या जागरणाला अशी तारीख नाही. तिच्या सुटकेची जी तारीख असू शकते, ती आम्हा दोघांनाही नको आहे.

मग निवडलेला त्याग हा केवळ सुखवस्तू माणसाचा खेळ म्हणायचा का? काही दिवस मी तसं म्हणून पाहिलं. पण त्या वाटेने गेलं की आपण दुसऱ्या खड्ड्यात पडतो. लादलेलं दुःख हाच खरा त्याग असं मानलं, की दुःखाला हार घालण्याची सोय होते. ताईला गावातल्या बायका म्हणतात, "तुझा तर बारमाही उपवासकाळ आहे गं, देव बघतोय." म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. त्या रात्री माझ्याही तोंडावर अगदी असंच वाक्य आलं होतं. ते मी गिळलं याचा मला आजही आनंद आहे. थकलेल्या बाईला संत म्हणणं ही तिला मदत न करण्याची सर्वांत सभ्य रीत आहे.

या काळात आम्ही दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना. त्यातलं पाचवं आणि सहावं स्थान शेजारी शेजारी आहेत हे मी शेकडो वेळा पाहिलं, पण त्याचा अर्थ गेल्या वर्षी लागला. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन क्रूस उचलतो. तो स्वेच्छेने पुढे आलेला नाही. शुभवर्तमानं स्पष्ट सांगतात की शिपायांनी त्याला वेठीला धरलं. मार्क तर सांगतो की तो रानातून येत होता. आपल्या कामाला निघालेला माणूस, वाटेत सापडला. सहाव्या स्थानी वेरोनिका येते. ती शुभवर्तमानांत नाही, परंपरेत आहे. ती गर्दीतून आपण होऊन पुढे येते आणि येशूचा चेहरा पुसते. एकाने लादलेलं ओझं वाहिलं, एकीने निवडून एक छोटी कृती केली. परंपरेने दोघांनाही एकाच वाटेवर जागा दिली आहे.

पण वेरोनिकाने काय केलं ते पाहा. ती घरी बसून स्वतःला उपाशी ठेवत नाही. ज्याच्यावर ओझं आहे त्याच्यापर्यंत चालत जाते. मला वाटतं, निवडलेल्या त्यागाची कसोटी इथे आहे. मी सोडलेली गोष्ट कुणापर्यंत पोहोचते का?

हा काही माझा नवा शोध नाही. यशया संदेष्ट्याने उपास करूनही मजुरांना पिळणाऱ्या लोकांना हेच सुनावलं आहे. त्याच्या मते देवाला हवा असलेला उपास म्हणजे जोखडं सोडवणं आणि भुकेल्याबरोबर आपली भाकर वाटून घेणं. दुसऱ्या शतकातला 'हर्मासचा मेंढपाळ' हा ग्रंथ तर हिशेबच सांगतो: उपासाच्या दिवशी जे खाल्लं नाही त्याची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. पाचव्या शतकातले पोप लिओ यांच्या उपवासकाळातल्या प्रवचनांतही उपास आणि दान यांची अशीच सांगड आहे.

मी हर्मासचा हिशेब करून पाहिला. लॅबमध्ये दिवसाला तीन कप चहा. टीबॅगा आणि दूध धरून चाळीस दिवसांचे दहा पौंडसुद्धा होत नव्हते. ते पाठवून ताईची एक रात्रही विकत घेता आली नसती. पण चहा म्हणजे नुसती पानं आणि दूध नव्हे. सकाळी साडेदहाला लॅबमधले सगळे उठतात, वीस मिनिटं किचनमध्ये उभं राहून गप्पा मारतात. माझी खरी बचत ती वीस मिनिटं होती.

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी साडेदहाला घरी व्हिडिओ कॉल लावू लागलो. तिकडे दुपारचे चार. ताई फोन स्टँडवर ठेवून आईला समोर बसवते. आईचं बोलणं अजून तुटक आहे, त्यामुळे बहुतेक मीच बोलतो: इथलं हवामान, शेजारणीचं मांजर, लॅबमधली भट्टी. कधी कधी आई मला थांबवून एखादा शब्द शोधते. मी वाट पाहायला शिकलो. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की कॉल सुरू झाला की ताई दिसेनाशी होते. विचारलं तर म्हणाली, "मागच्या ओट्यावर बसून चहा पिते. गरम."

३० मार्चचा रविवार तर मजेशीर होता. त्या दिवशी गुढीपाडवा होता, इंग्लंडमधला मातृदिन होता (तो इथे उपवासकाळाच्या चौथ्या रविवारीच येतो) आणि घड्याळं एक तास पुढे गेली होती. चौथा रविवार आनंदाचा मानतात, जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालायची मुभा त्या दिवशी फादरांना असते. दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन केला तर वसईत तीनच वाजले होते. आई झोपलेली, ताईच्या चहाला अवकाश. मग मी वेळ साडेअकरा केली. माझ्या त्यागाची वेळ पहिल्यांदाच दुसऱ्याच्या सोयीने ठरली.

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण खोटाही होईल. वीस मिनिटं हे दान होतं आणि माझ्याकडे थकलेलं होतं ते देणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर दोन गोष्टी जाहीर करतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. पहिलं औदार्य आहे, दुसरी परतफेड. एकाने दुसरी भागत नाही. थॉमस अक्वायनसही परतफेडीचा विचार न्यायाच्या प्रकरणात करतो. जे दुसऱ्याचं आहे ते परत करण्यात मोठेपणा कसला? आईची जबाबदारी दोघांची. ताईने माझ्या वाट्याच्या रात्री जागवल्या आणि त्या रात्रींवर माझे तीन शोधनिबंध उभे आहेत. मी पाठवतो ते पैसे दिवसाचे आहेत.

मे महिन्यात मी पाच आठवडे वसईला गेलो. एरवी नाताळात जातो ते पाहुण्यासारखा, आणि माझ्या येण्याने ताईचं काम वाढतं. या वेळी डेटा बरोबर नेला, दिवसा जमेल तसं काम केलं आणि रात्री आईच्या खोलीत झोपलो. एका फेलोशिपचा अर्ज राहिला. त्याची हळहळ अजून वाटते, ती लपवत नाही. ताईला म्हटलं, कुठेतरी फिरून ये. ती कुठेही गेली नाही. पहिले दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी उठून माझ्या गोळ्या देण्यातल्या चुका काढल्या. पाच आठवडे म्हणजे पस्तीस रात्री. तीन वर्षांच्या हजारावर होतात. हा हिशेब ताईने मांडलेला नाही, मीच मांडतो.

माझं काम टर्बाइनच्या पात्यांसाठी लागणाऱ्या मिश्रधातूंवर आहे. शाळेत आपण स्थितिस्थापकता शिकलो: भार काढला की वस्तू मूळ आकारात येते. बहुतेकांचा उपवासकाळ तसा असतो, ईस्टरला भार काढला की आपण जसेच्या तसे. पण धातू तापलेला असेल, तर मर्यादेच्या बराच आतला भारसुद्धा दीर्घकाळ राहिला की त्याला हळूहळू कायमचा बदलतो. याला आम्ही क्रीप म्हणतो आणि यंत्रात तो आम्हाला नको असतो. माणसात मात्र तोच हवा. त्यासाठी मोठा भार लागत नाही. ऊब लागते, आणि वेळ.

२० एप्रिलला मी चहा घेतला. छान लागला. फोन चालू राहिला, पण खरं सांगायचं तर ऑक्टोबरपर्यंत तो रोजचा आठवड्यातून तीनदा झाला होता. म्हणजे धातू थोडा वाकला आहे, पुरता नाही.

यंदा काय सोडणार, असं मला इथल्या दोघा-तिघांनी विचारलं. या वर्षी मी क्रम बदलला. आधी ताईला विचारलं, तुला काय हवं आहे. तिने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की एप्रिलमध्ये तिच्या मैत्रिणींबरोबर चार दिवस वेलंकणीला जायचं आहे, तेव्हा ये. तिकीट काढलं आहे. त्यासाठी काय सुटतं ते आता कळेलच.