ज्याचा वाढदिवस, त्याच्यासाठी



आज लहान मुलांच्या वाढदिवसांविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी आधी कोलकात्याला जाऊ या.

जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात रवींद्रनाथांचं बालपण नोकरांच्या देखरेखीखाली गेलं. घर श्रीमंत, माणसांनी भरलेलं. तरी दहा वर्षांचे होईपर्यंत आपल्या पायांत कधी मोजे आले नव्हते, असं त्यांनी ‘जीवनस्मृती’त लिहून ठेवलं आहे. अशा मोठ्या घरात एकेका मुलाचा वेगळा दिवस कोण साजरा करणार?

ही रीत बदलली त्यांच्या वहिनींनी, ज्ञानदानंदिनीदेवींनी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे आयसीएसमधले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात. त्यामुळे या बाईंच्या संसाराची बरीच वर्षं आपल्याच भागात गेली; मुलगा सुरेन 1872 साली पुण्यात जन्मला. 1877 मध्ये मुलांना घेऊन त्या विलायतेला गेल्या, आणि परतल्यावर सुरेन आणि इंदिरा यांचे वाढदिवस घरात साजरे होऊ लागले. ते पाहिलेल्या सरलादेवी या भाचीनं 1887 साली रवीमामाचा वाढदिवस केला. पहाटे पार्क स्ट्रीटवरच्या घरी जाऊन, स्वतः ओवलेली बकुळीची माळ आणि धोतर-उपरणं पायांशी ठेवून तिनं त्यांना नमस्कार केला.

मला यात फार मोलाचं वाटतं ते हे, की गर्दीच्या घरात कुणीतरी एका माणसाकडे वळून पाहिलं.

बंगाली घरांत आजही वाढदिवसाला आई पायेश, म्हणजे खीर करते. गोविंदभोग तांदूळ, दूध, आणि हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ. मुलाला पाटावर बसवतात, समई लावतात, थोरली माणसं एकेक करून त्याच्या डोक्यावर धान आणि दूर्वा ठेवतात. आपल्याकडचं औक्षणही असंच. कुंकवाचं बोट, निरांजनाची ऊब, आजीचा हात. दोन्हीकडे सगळ्यांचे डोळे मुलावर असतात.

आता त्याच कोलकात्यात, सॉल्ट लेकला किंवा न्यू टाऊनला, पहिल्या वाढदिवसासाठी हॉल घेतात. थीम असते जंगल, अंतराळ, नाहीतर राजकन्येचा महाल. फुग्यांची कमान, मुलाच्या नावाचा फलक, अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस. पुण्या-ठाण्यात वेगळं काही नाही, संक्रांतीच्या बोरनहाणालाही थीम आली आहे. पाहुणे उशिरा येतात म्हणून केक नऊला कापायचा, आणि बाळाची झोपेची वेळ साडेसातची. ते रडतं, अस्वलाला घाबरतं. आई त्याला उचलून पुन्हा कमानीपुढे उभी राहते, कारण फोटो व्हायचा असतो.

थीम म्हणजे काय, हे कोलकात्याला कुणी शिकवायला नको. तिथल्या दुर्गापूजेचे मंडप पाहायला लाखो लोक रात्रभर चालतात. 2021 मध्ये युनेस्कोनं त्या उत्सवाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. पण मंडप पाहणाऱ्यांसाठीच उभारलेला असतो. वर्षाचं मूल पाहणाऱ्यांसाठी नसतं.

आईवडिलांचं मन मला समजतं. दोघं दिवसभर बाहेर, मूल पाळणाघरात, मनात सल. तो सल मोठ्या खर्चातून भरून काढावासा वाटतो. पण दोन-तीन वर्षांपर्यंतचं फारसं काही माणसाला पुढे आठवत नाही. त्या क्षणी मात्र बाळाला मांडी कळते, ओळखीचा आवाज कळतो. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, त्यालाच रॉकेट हवं असेल आणि आठवडाभर तुम्ही त्याच्यासोबत खोक्यांना कागद चिकटवत बसलात, तर त्या थीमइतकी आनंदाची गोष्ट नाही. तिथे मूल यजमान असतं.

आणखी एक. वर्गातल्या एका मुलाच्या महागड्या रिटर्न गिफ्टमुळे दुसऱ्या एखाद्या घरात त्या रात्री हिशेब मांडावा लागतो. कधी उसने पैसेही घेतले जातात. हे आपण बोलत नाही, बोलायला हवं.

तुमच्या घरी लवकरच कुणाचा वाढदिवस असेल, तर बोलवा मोजक्या माणसांना, मुलाच्या ओळखीच्या. सगळं त्याच्या झोपेच्या आधी आटपा. घरी काम करणाऱ्या ताईंच्या मुलांनाही बोलवा, आणि पानावर बसवा. औक्षण होईपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.