पीळ किती द्यावा?

'तुटेल इतके ताणू नये' हे आपल्याकडील सर्वमान्य वचन. परंतु तुटण्याची सीमा नेमकी कोठे आहे, हे तोडून पाहिल्याविना कळावे कसे? या प्रश्नाचा विचार करताना मला एका निरुपद्रवी छंदाचे साहाय्य झाले. तो छंद म्हणजे रबराच्या पिळावर, बंदिस्त सभागृहात उडणारी चिमुकली विमाने.

पेण-रोह्याकडे पावसाळ्यात मुलांना मैदान पारखे होते. त्या दिवसांत छपराखाली करण्याजोगा हा उद्योग आहे. जागतिक स्पर्धांतील अशा विमानाचा सांगाडा जेमतेम एक-दीड ग्रॅमचा असतो, तरी ते अर्धा तास तरंगते. सारे सामर्थ्य रबराच्या एका बारीक वेढ्यात साठवलेले असते.

या विद्येचा जनक आल्फोन्स पेनो हा फ्रेंच तरुण. 1871 मध्ये पॅरिसच्या एका उद्यानात त्याचे विमान 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर उडाले. पुढे 1878 मध्ये मिल्टन राईट या प्रॉटेस्टंट बिशपांनी आपल्या विल्बर व ऑर्व्हिल या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचे रबरी खेळणे घरी आणले. त्याचे फळ जगाने 1903 मध्ये पाहिले.

पीळ देण्याची रीत मोठी शिस्तीची आहे. रबराला तेलाचा हात देतात, थोडे ताणून मुरवतात. मग मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणून वेढे देऊ लागतात. सुमारे निम्मे वेढे झाले की पीळ देणारा पावलापावलाने विमानाकडे सरकू लागतो. पिळाचा जोर दाखवणारे मापकही जोडलेले असते. मर्यादा कळावी म्हणून त्याच रबराचा एखादा तुकडा मुद्दाम तुटेपर्यंत पिळतात आणि उरलेल्यांना त्याहून कमी वेढे देतात.

नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. एका लडीतील एक तुकडा दुसऱ्याच्या वतीने तुटू शकतो. माणसांचे तसे नाही. थोरल्याला झेपले म्हणून धाकट्याला झेपेल, हा हिशेब दहावीच्या वर्षी घरोघरी मांडला जातो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. पेणच्या कारखान्यात शाडूची कच्ची मूर्ती मोडली तर माती भिजवून पुन्हा मळता येते. मोडलेल्या मुलाच्या जागी मात्र दुसरे मूल घडवता येत नाही.

मग ताण देऊच नये काय? तसेही म्हणता येणार नाही. सैल रबराने विमान उडत नाही, आणि काहीच न मागणे हे पुष्कळदा प्रेम नसून उपेक्षा असते. सुदैवाने न तोडता पारखण्याच्याही रीती आहेत. चतुर्थांश लांबीचे रबर लावून उरलेल्या जागी तेवढ्याच वजनाची काडी जोडतात. विमान साधारण चतुर्थांश उंची गाठते आणि त्यावरून पूर्ण उड्डाणाचा अंदाज येतो. मुलावरही आधी लहान जबाबदारी टाकून पाहावी. शिवाय भरपूर पीळ दिल्यावर काही वेढे उलट सोडून देतात, नाहीतर विमान छताला धडकते. हे सोडून देणे पालकांना व वरिष्ठांना सर्वांत जड जाते. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पिळात घातलेली सगळी शक्ती परत मिळत नाही. काही उष्णता होऊन निघून जाते. मुलांसाठी खाल्लेल्या खस्तांची पै-पैची परतफेड मागणे हे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पेनोचा अंत दुःखद झाला. मोठे विमान बांधण्याच्या त्याच्या योजनेला पाठबळ मिळाले नाही आणि 1880 मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले. रबराचा ताण ज्याने जगाला उपयोगात आणून दाखवला, त्याच्या मनावरील ताण मोजणारे मापक कोणापाशी नव्हते. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या घरातील पेनोकडे आपले लक्ष आहे काय, एवढे मात्र आपण विचारावे.

माणसाच्या मनाचा आकडा दाखवणारे मापक आजही नाही. म्हणून पीळ देणाऱ्याची ती चाल मला महत्त्वाची वाटते: वेढे वाढत जातात, तसतसा तो जवळ येत जातो. आपण बहुधा उलट करतो. अपेक्षा वाढवतो आणि दूर उभे राहून निकालाची वाट पाहतो. ज्याला जवळ जाण्याची तयारी नाही, त्याने पीळ देण्याचा अधिकार सांगू नये.