अस्खलित

कणकुंबीत चॅनेलची गाडी थांबली की विषय ठरलेला: कळसा नाल्याचं पाणी. म्हादई पाणीवाटप लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही. परवा एका म्हाताऱ्या गावकराच्या तोंडापुढे माइक आला. ‘पाणी म्हणजे... ते आपलं... न्हाई म्हणजे, बघा की...’ तेवढ्यात माइक दुसरीकडे गेला. शेजारी चहा पिणारे निवृत्त गुरुजी करवादले, ‘सत्तर वर्षं मराठी बोलतोय, एक वाक्य धड नाही. बातम्या देणाऱ्यांकडून शिकावं!’

गुरुजींचं हे जुनंच दुखणं. दूरदर्शनवर बातम्या देणारे प्रदीप भिडे पडद्यावरून गेले आणि मराठी अनाथ झाली, असं त्यांना मनापासून वाटतं. मी म्हटलं, भिड्यांपुढे मजकूर लिहिलेला असायचा. ‘अस्खलित’ म्हणजे न घसरणारं. डांबरी रस्त्यावर न घसरण्याचं कौतुक किती करायचं? वाचणं वेगळं, बोलणं वेगळं. वाचणाऱ्याला शब्द मिळालेले असतात, बोलणाऱ्याला ते शोधायचे असतात. फ्रीडा गोल्डमन-आयस्लर या बाईंनी तर आयुष्यभर माणसांच्या बोलण्यातल्या थांब्यांचा अभ्यास केला. पुढे काय म्हणायचं हे जिथे ठरायचं असतं, तिथे माणूस थांबतो, असं त्यांचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, ‘बाईंना मराठी येत होतं का?’ यावर काय बोलणार!

बातम्यांवरून आठवलं. दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या भक्ती बर्वे याच 1975 च्या ‘ती फुलराणी’ नाटकातल्या मंजुळा. शुद्ध बोलायला शिकवावं लागतं अशी फुलवाली! प्रेक्षक खूश व्हायचे ते शिकवणीआधीच्या तिच्या रांगड्या बोलण्यावर. पण तेही पाठ केलेलंच होतं की.

इथे माझीच गाडी अडली. कारण हाच अडखळणारा गावकर माऊलीच्या देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की धबधबा कोसळावा तसा बोलतो. बारा वाटा, चुकलं-माकलं, पोराबाळांची राखण, कुठेही ‘ते आपलं’ नाही. समोर कागद नाही, पण वाक्यं पिढ्यांची घोटलेली. न्यूझीलंडच्या कायपर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला लिलाव पुकारणारे आणि घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन करणारे यांच्यात हेच दिसलं: ठरीव तुकडे जिभेवर असतात, म्हणून दम न घेता बोलता येतं. ज्याने बाजार समितीत सौदे पुकारणाऱ्याला ऐकलंय, त्याला हे सांगायला नको.

म्हणजे वाचणं आणि बोलणं ही माझी लाडकी वाटणी कुचकामी. गावकर आणि भिडे एकाच बाजूचे निघाले: दोघेही चार जणांच्या वतीने, चार जणांचे शब्द बोलणारे. मी भिड्यांना उगाच डांबरी रस्त्यावर ढकललं. गाऱ्हाणं नीट घालणं जितकं अवघड, तितकंच बातमी नीट देणंही अवघड असणार.

गुरुजींना हे सांगितलं. ते हसले. ‘म्हणजे तो देवीशी बोलतो तसा चॅनेलशी बोलला असता तर बरं झालं असतं, असंच ना?’

नाही. देवीपुढे काय मागायचं ते ठरलेलं आहे. पाण्याचं तसं नव्हतं, तो ते तिथेच, माइकपुढे ठरवत होता. ‘बघा की’ नंतर तो काय म्हणणार होता, हे गुरुजींनी विचारलं नाही. चहाचे पैसे देऊन मीही बस धरली.