मुदत भरत आलेला वायदा

सहा महिन्यांनंतरच्या वायद्याचा भाव शांत असतो आणि मुदत भरत आली की तोच भाव बातमीसरशी उसळतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी 1965 मध्ये याचं कारण सांगितलं. मुदत लांब असेल तर आजच्या टंचाईवर उपाय करायला वेळ असतो. पेरा वाढवता येतो, दुसरीकडून माल येतो. मुदतीला आठवडा उरला की गोदामात असेल तेवढ्याच मालावर भागवावं लागतं.

पण हा नियम सगळीकडे सारखा लागू पडत नाही, आणि ते आपल्या कोल्हापूर-सांगली भागात चांगलं कळतं. कोडोलीच्या परिसरातून पुढे गेलेली वारणा नदी सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णेला मिळते. त्या हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत साठवत. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या अशा साठ्यामुळेच सांगलीत हळदीचा वायदेबाजार उभा राहू शकला. साठा मुबलक असेल तर आजचा धक्का पुढच्या सगळ्या महिन्यांवर वाटला जातो आणि जवळचा व लांबचा वायदा बरोबरीनं हलतात. पेवं रिकामी होत आली की मात्र जवळचा महिना एकटाच उडी मारतो. शिवाय पावसाळ्यात नव्या पिकाचा अंदाज बदलला तर मुदत दूर असलेला वायदाही अस्वस्थ होतो. मला वाटतं, भाव खरा हलतो तो बातमीनं. तारीख जवळ आली की त्या बातमीला फक्त पळवाट उरत नाही.

कोडोलीच्या उसाचं गणित आणखी वेगळं आहे. साखरेच्या वायद्याला कोल्हापूर हे डिलिव्हरीचं केंद्र होतं. पण उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. साखरेचा किमान विक्री दर 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरला, 2019 मध्ये 31 झाला. कारखान्यांना विक्रीचा कोटाही महिन्याला मिळू लागला. तिथं बातमी शिवारातून येण्याआधी अधिसूचनेतून येते, मग मुदतीचा परिणाम शुद्ध स्वरूपात दिसणार कसा?

त्याआधी 2009 च्या मे महिन्यात साखरेचे वायदे सरकारनं बंद केले. भाव भडकला की वायद्यावर बोट ठेवणं सोपं असतं. साठेबाजी करून बाजार कोंडणारे असतात, त्यांना जरूर पकडावं. पण अखेरच्या आठवड्यातली प्रत्येक उसळी सट्ट्याची नसते. पुष्कळदा ती गोदाम रिकामं असल्याची खबर असते. वायदा बंद करून गोदाम भरत नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना एवढंच सांगणं आहे: भाव बांधण्यासाठी वायदा विकलात आणि माल डिलिव्हरीला द्यायचा नसेल, तर अखेरच्या आठवड्याची वाट पाहू नका. सौदा आधीच पुढच्या महिन्यात न्या. त्या दिवसांत मार्जिनही वाढतं, आणि ते भरायला पैसा लागतो.