'येते' म्हण

कामाला निघताना आपण दारातून 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतो. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं, की आजी आतून लगेच हाक द्यायची, "येते म्हण!" पायात चप्पल अडकवलेली असायची, बस चुकेल अशी वेळ झालेली असायची. पण तो शब्द सुधारून म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती. आज सकाळी चप्पल घालताना तोच शब्द तोंडून निघाला आणि वाटलं, छातीतलं हृदयही प्रत्येक ठोक्याला रक्ताकडून हेच वदवून घेत असेल. आपल्याच मुठीएवढं हे हृदय. वजन साधारण 300 ग्रॅम. आपण शांत बसलेलो असताना ते मिनिटाला सत्तरेक वेळा आकसतं आणि सुमारे 5 लिटर रक्त पुढे पाठवतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं. म्हणजे तुम्ही हा परिच्छेद वाचून संपवेपर्यंत तुमचं बहुतेक रक्त एक फेरी मारून घरी आलंसुद्धा.

ते घरी येतं, हे कळायला मात्र माणसाला फार काळ लागला. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की यकृतात रक्त तयार होतं, अंगभर जातं आणि तिथेच संपून जातं. वाफ्यात सोडलेलं पाणी मुरून जावं तसं. युरोपातले वैद्य हेच जवळजवळ 1400 वर्षं शिकवत राहिले. मग विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने साधा घरखर्चासारखा हिशेब मांडला. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासाची बेरीज अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त होते. इतकं नवं रक्त माणसाच्या कुठल्या जेवणातून तयार होणार? म्हणजे गेलेलंच परत येत असलं पाहिजे. 1628 साली त्याने हे पुस्तकात मांडलं. पुरावा म्हणून दंडाला पट्टी बांधून दाखवली. हाताच्या शिरा फुगतात, मध्ये मध्ये बारीक गाठी दिसतात. त्या गाठींच्या जागी आत झडपा असतात. शिरेतलं रक्त बोटाने पंजाकडे लोटायला जावं, तर ते झडपेशी अडतं. हृदयाकडे लोटलं, की सहज जातं. आता जाणारी वाट येणाऱ्या वाटेला नेमकी कुठे मिळते, एवढंच त्याला दिसलं नव्हतं. 1657 मध्ये तो गेला आणि 1661 मध्ये इटलीतल्या माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक अशा त्या केशिका दिसल्या. न पाहिलेल्या वाटेवर हार्वीने केवळ हिशेबाच्या बळावर विश्वास ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जाणं सोपं असतं. धमन्यांतून निघालेल्या रक्तामागे हृदयाचा भरपूर जोर असतो. पण केशिका पार करेपर्यंत तो जोर बराचसा ओसरतो, आणि पायापर्यंत पोचलेल्या रक्ताला तर पुन्हा छातीपर्यंत चढायचं असतं. तिथे पोटऱ्या कामाला येतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचे स्नायू आतल्या शिरा दाबतात, रक्त वर सरकतं, खालची झडप मिटते आणि ते पुन्हा खाली येत नाही. पुढच्या पावलाला आणखी थोडं वर. डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठीच. श्वासही मदत करतो. आत घेतलेला प्रत्येक श्वास पोटातलं रक्त छातीकडे ओढून घेतो. दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या मुली, तासामागून तास फळ्यासमोर उभे असलेले शिक्षक, ओट्याशी उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या मावशी, यांना संध्याकाळी पाय जड झाल्याचं, चपलेचा पट्टा रुतल्याचं जाणवतं. खुर्चीत तासन् तास बसणाऱ्यांचंही तेच. अशा वेळी टाचा दहा-वीसदा उचलून टेकवाव्यात, पाण्याची बाटली भरायला स्वतः उठावं. कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि वाटेत रेंगाळलेलं रक्त घराकडे लागतं. थोडंथोडकं नाही, आपल्या अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये, या परतीच्या वाटेवरच असतं.

शाळेत या परतणाऱ्या रक्ताला आपण 'अशुद्ध रक्त' म्हणायला शिकलो. आकृतीत ते निळ्या पेन्सिलीने रंगवायचो. मला तो शब्द आता पटत नाही. ते निळं नसतं, गडद लाल असतं. आपण आरामात असताना ते परत येतं तेव्हा निघताना घेतलेल्या प्राणवायूपैकी साधारण तीन चतुर्थांश त्याच्यापाशी शिल्लक असतो. जिना चढावा लागला, धावत लोकल पकडावी लागली, तर स्नायू त्याच शिलकीतून जास्तीचा काढून घेतात. शिवाय येताना ते आतड्यांतून अन्नाचा अंश आणतं, काम करणाऱ्या स्नायूंची ऊब आणतं. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत देऊ नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या आठवड्यात अळूवड्या दिल्या होत्या. त्यांचा स्टीलचा डबा धुऊन, पुसून माझ्या ओट्यावर चार दिवस पडून होता. रोज सकाळी दिसायचा, रोज घाई असायची. ज्या मैत्रिणीचा फोन घेता आला नव्हता, तिला उलट फोन करायचाही तसाच राहिला होता. आज डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली. लिफ्ट न घेता एक मजला चढून गेले. काकूंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "कशाला गं एवढं?" त्यांच्या चेहऱ्यावरून चटणी आवडणार हे कळत होतं. फोन जेवणाच्या सुट्टीत करायचा, असं मनाशी ठरवलं. "येते काकू," म्हटलं आणि चार मजले पायांनीच उतरले.