पहिलं उड्डाण कोणाचं?

अमेरिकेत ओरेगन राज्यात नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलीला खासगी वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला आहे. आता तिला घरच्या गॅरेजमध्ये किटचं विमान बांधायचं आहे. तिचे मामा मुंबईत विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झाले. हा संवाद त्या दोघांचा.

भाची: मामा, ऑर्डर अजून दिलेली नाही, पण विमान ठरलंय. व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-९ए. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, पुढे नाकाखाली चाक आहे, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग कमी. नवख्या वैमानिकाला सांभाळून घेईल असं. कारखानाही इथेच, अरोराला.

मामा: विमान चांगलं निवडलंस. मला दुसरंच विचारायचंय. तुला विमान बांधायचंय की उडवायचंय?

भाची: दोन्ही.

मामा: दोन्हीला लागणारे तास एकाच आठवड्यातून काढायचे आहेत. अशा विमानाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास धरलेस तरी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत संध्याकाळ मोकळी मिळाली की तू धावपट्टीकडे जाशील की गॅरेजमध्ये?

भाची: नियमापुरतं उडत राहीन. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी, आणि कोणाला सोबत न्यायचं तर आधीच्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा उतरणं.

मामा: कायद्याला तेवढं पुरतं. हाताला पुरत नाही. नवा परवाना म्हणजे हात आत्ता कुठे बसायला लागलाय. तो बसायच्या आधीच तू त्याला रिव्हेटच्या मागे बकिंग बार धरायला लावणार. मग तीन वर्षांनी नवंकोरं, कधीच न उडालेलं विमान समोर उभं राहील आणि वैमानिक मात्र गंजलेला असेल.

भाची: पण बांधताना मी विमानच शिकत असते ना? इथला कायदाही तेच धरून चाललाय. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, तरच त्या विमानाला हौशी बांधणीच्या वर्गात उडण्याची परवानगी मिळते. पुढे त्याची वार्षिक तपासणी करून सही करण्याचा दाखला इथलं हवाई प्रशासन, एफएए, बांधणाऱ्याला बांधल्याबद्दल देते. उद्या मी विमान विकलं तर माझा तो दाखला घेणाऱ्याकडे जाणार नाही. म्हणजे बांधण्यातून ज्ञान येतं, हे सरकारनेही मानलंय.

मामा: देखभालीचं ज्ञान मानलंय. त्या दाखल्याने तुझ्या लॉगबुकात उड्डाणाचा एक तासही वाढत नाही. उतरायच्या आधीचं शेवटचं वळण घेताना वारा तुला धावपट्टीपलीकडे ढकलतो, मग तू पायाने नाक आत ओढतेस, हाताने स्टिक मागे घेतेस, आणि विमान स्टॉल होऊन उलटतं. ते टाळायचं कसं, हे कुठल्याही पत्र्यावर रिव्हेट ठोकून कळत नाही.

भाची: आणि उलटं? गायक जॉन डेन्व्हर आठवा. १९९७. त्यांच्याकडे हजारो तासांचा अनुभव होता, पण लाँग-ईझी विमान नवीनच घेतलेलं, दुसऱ्याने बांधलेलं. इंधनाची टाकी बदलायची मूठ त्यांच्या डाव्या खांद्यामागे होती. तिथे हात पोचवायला अंग मागे वळवावं लागे. त्यात विमानावरचा ताबा सुटला आणि ते समुद्रात कोसळलं. त्यांना उडवणं येत होतं, पण ते विमान त्यांच्या हातातलं नव्हतं. मी बांधलेल्या विमानात मूठ कुठे आहे हे मला झोपेतही सांगता येईल.

मामा: आता बांधणाऱ्याकडून बघ. ती मूठ नकाशात तिथे नव्हती. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, म्हणून बांधणाऱ्याने ती मागे नेली. कारण वाईट नव्हतं, उलट त्याला सुरक्षाच हवी होती. पण गॅरेजमध्ये शहाणपणाची दिसलेली गोष्ट हवेत घातक ठरली. उडणाऱ्याला विमान कळायला हवं हे तुझं म्हणणं खरं. बांधणाऱ्यालाही उडणं कळायला हवं, हे माझं. आणि किटचं विमान म्हटलं की नकाशाबाहेर जाण्याचा मोह पावलोपावली होतो.

भाची: मान्य. म्हणजे बांधू नको असं तुमचं म्हणणं नाही.

मामा: मुळीच नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधलेली विमानं उघडली आणि मिटली. तुला एक पूर्ण बांधायला मिळतंय, याचा मला हेवा वाटतो. माझा प्रश्न एवढाच, की ज्या दिवशी ते पूर्ण होईल त्या दिवशी त्यात कोण बसणार?

भाची: मीच! दुसरं कोण? अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं. मुंबईकरांनी कौतुक कशाचं केलं? आपल्या विमानाने आपण उडायचं, या जिद्दीचंच ना?

मामा: त्यांची जिद्द मोठीच. पण ते पेशाने वैमानिक होते. उडणं त्यांच्या अंगात आधीच मुरलेलं होतं. आता तू सांग. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, समोर शेत आहे, मागे धावपट्टी. काय करशील?

भाची: नाक खाली, वेग राखायचा, समोरच्या शेतात उतरायचं. मागे वळायचं नाही. पहिल्याच महिन्यात हे शिकवतात.

मामा: भाड्याच्या विमानात करशीलही. पण त्या शेतात तुझी तीन वर्षं मोडणार आहेत. पंखाची एकेक रिब तू घासून गुळगुळीत केलेली. मागे धावपट्टी दिसतेय, जरासं वळलं की पोचू असं वाटतंय. वैमानिकाला त्या क्षणी विमानावर पाणी सोडता आलं पाहिजे. बांधणाऱ्याला ते सर्वात कठीण. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं हीच अपघातांची मोठी कारणं निघाली. त्यातले बरेच अपघात विमानाच्या सुरुवातीच्या तासांतले होते. इंजिनचा दोष तू विमानात ठेवला असशील. ताबा सुटण्याचं कारण तुझ्या मनात असेल.

भाची: म्हणजे पहिलं उड्डाण दुसऱ्या अनुभवी वैमानिकाला द्यायचं. तशी सोयही आहे. २०१४ पासून काही अटींवर नव्या विमानाच्या चाचणीच्या तासांत दुसरा पात्र वैमानिक सोबत बसू शकतो. पण मामा, हे मला पटत नाही. माझं एखादं जोडकाम कच्चं राहिलं असेल तर त्याची किंमत दुसऱ्याने का द्यायची? चूक माझी, तर धोकाही माझाच हवा. स्वतः पहिल्यांदा उडणं हा गर्व नाही, प्रामाणिकपणा आहे.

मामा: ... हे मला लगेच खोडता येत नाही.

भाची: मग?

मामा: आमच्या हँगरमधली एक रीत सांगतो. विमानाच्या नियंत्रणाच्या तारा किंवा दांडे कोणी उघडले, तर ते परत बसवणाऱ्याची एक सही पुरत नाही. दुसरा माणूस येतो, तेच काम स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यापासून तपासतो आणि दुसरी सही करतो. डुप्लिकेट इन्स्पेक्शन. त्यात पहिल्यावर अविश्वास नसतो. आपण जे केलं तेच आपल्या डोळ्यांना दिसतं, जे राहिलं ते दिसत नाही, एवढंच. तुझ्या विमानाचा चाचणी-वैमानिक डोळे मिटून बसणार नाही. तो तुझी नोंदवही वाचेल, पॅनेल उघडायला लावेल, इंधनाचा प्रवाह मोजायला लावेल, वजन आणि तोल पुन्हा काढेल, आणि समाधान झालं नाही तर निघून जाईल. धोका तो समजून घेईल, तू त्याच्या गळ्यात टाकणार नाहीस.

भाची: तरीही जीव त्याचाच.

मामा: हो. तेवढं उरतंच. तेवढं उरावंच. आता विचार कर: पहिल्यांदा दुसरा कोणी उडणार आहे, हे तुला आज, पहिल्या रिव्हेटच्या आधी, माहीत असेल, तर तू विमान वेगळं बांधशील का?

भाची: ... हो. स्वतःसाठी बांधताना मी म्हणेन, हे छिद्र जरा कडेला गेलंय, पण चालेल, मीच तर उडणार आहे. दुसऱ्यासाठी बांधताना तो पत्रा टाकून देईन. मनात शंका आली की नोंदवहीत लिहून ठेवीन, कारण ती दुसरा वाचणार आहे. ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सेलर तपासायला येतात, त्यांना मी काम झाकायच्या आधी बोलावीन, झाकल्यावर नाही.

मामा: स्वतःच्या जिवाशी आपण जी सवलत घेतो ती दुसऱ्याच्या जिवाशी घेत नाही. आणि असंही आज ना उद्या तुझ्या शेजारच्या खुर्चीत कोणी तरी बसणारच. तुझ्या पॅनेलवर पाटी असेल की हे विमान हौशी माणसाने बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. ती वाचूनही तो तुझ्यावर विश्वास टाकून बसेल. मग पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठीच बांध.

भाची: पण ते पहिलं उड्डाण कायमचं सोडून द्यायचं? ही तीन वर्षं मी दर आठवड्याला उडत राहिले, दुसऱ्या कोणाच्या आरव्हीवर प्रशिक्षकाबरोबर हात बसवला, तर?

मामा: तर कदाचित तूच योग्य असशील. पण हा निर्णयही दोन सह्यांचा. तू तयार आहेस हे तू ठरवायचं नाहीस. तुझा प्रशिक्षक ठरवेल, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही.

भाची: ठीक. आधी फक्त शेपटीचं किट मागवते, ते वेगळं मिळतं. गॅरेजइतकेच तास हवेत घालवायचे. एका आठवड्यात दोन्ही जमत नसेल तर गॅरेज बंद राहील, उडणं थांबणार नाही. चार वर्षं लागली तर लागोत. आणि पहिल्या उड्डाणाचा निर्णय माझ्या हातात नाही, हे प्रशिक्षकाला आत्ताच सांगून ठेवते. विमान पूर्ण झाल्यावर सांगायला गेले तर तेव्हा मला ते सांगवणार नाही.