घरघर कुणाची?

थरारपटाची श्रेयनामावली हा प्रेक्षकाशी होणारा पहिला करार असतो. भीती कुठून येणार याची चाहूल दीड-दोन मिनिटांत लागायला हवी आणि गुपित मात्र फुटता कामा नये. अशी नामावली बेतणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच्या विद्यार्थ्यांचे लघुपट सर्वांत जवळचे वाटतात, कारण तेही तुटपुंज्या पैशांत, मित्रांना उभं करून केलेले असतात. ते पाहावेत तर त्यांची छाप पडते, न पाहावेत तर त्यांच्याच चुका पुन्हा होतात.

हा पेच एका कल्पित संवादातून मांडता येतो. नंदुरबारची एक विद्यार्थिनी मिरची व्यापाऱ्याच्या खुनावर लघुपट बेतते आहे. नामावलीसाठी तिला मिरचीची पथारी हवी आहे: नजर पोचेल तिथवर वाळत घातलेली लाल मिरची, देठ खुडणारे हात, वर कांडपाची घरघर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उमेश कुलकर्णी यांनी केलेला ‘गिरणी’ (2005) हा लघुपट तिने नुकताच पाहिला आहे.

विद्यार्थिनी : सर, त्या गिरणीची घरघर डोक्यातून जातच नाही. मी कांडपाचा आवाज लावला तर ती चोरी ठरेल का?

शिक्षक : कांडपाचा आवाज नंदुरबारात कुणाच्या मालकीचा आहे?

विद्यार्थिनी : आवाज नाही हो. पण त्या आवाजानं माणूस अस्वस्थ होतो, हे मला त्या फिल्मनं दाखवलं.

शिक्षक : तिथे तो आवाज का आहे?

विद्यार्थिनी : फिल्ममधल्या मुलाच्या घरातच गिरणी येते. त्याचा जाच तोच आहे.

शिक्षक : आणि तुझ्या गोष्टीत कांडप कुणाचा जाच आहे?

तिच्याकडे उत्तर नाही, आणि उसनवारीची खरी कसोटी हीच आहे. ‘सायको’च्या (1960) नामावलीत सॉल बास यांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या नावांचे तुकडे करतात. मागे बर्नार्ड हरमन यांची फक्त तंतुवाद्यं आहेत. सुरा नाही, रक्त नाही. गोष्ट दुभंगलेल्या मनाची आहे, म्हणून त्या पट्ट्या बोलतात. दुसऱ्या गोष्टीवर चिकटवल्या तर त्या नुसत्या पट्ट्या उरतात. ‘सेव्हन’चा (1995) खुनी पडद्यावर फार उशिरा येतो, म्हणून काइल कूपर यांनी नामावलीतच त्याच्या वह्या आणि बोटं दाखवून ठेवली.

विद्यार्थिनी : मग दुसऱ्यांच्या चुकाच तेवढ्या शिकाव्यात. नावं वाचून व्हायच्या आत जातात, खुनाचं हत्यार टायटल्समध्येच दिसतं, सगळ्या मित्रांची नावं घ्यायची म्हणून लांबण लागते.

शिक्षक : चुका टाळून निर्दोष फिल्म होईल. पण ती तुझी कशानं होईल?

इथे शिक्षकाचं म्हणणं अधिक खोल आहे, पण विद्यार्थिनीचंही खोटं नाही: वाचता न येणारं नाव हा सहकाऱ्यावरचा अन्यायच असतो. राहिला ऋणाचा प्रश्न. ते लपवण्याची गरज नसते. श्रीराम राघवन यांनी विद्यार्थी असताना ‘द एट कॉलम अफेअर’ (1987) हा लघुपट वर्तमानपत्राच्या पानावरच घडवला. पुढे ‘जॉनी गद्दार’ (2007) या थरारपटात त्यांनी दिग्दर्शक विजय आनंद आणि रहस्यकथाकार जेम्स हॅडली चेस यांचं देणं उघडपणे मान्य केलं.

विद्यार्थिनी : माझ्या गोष्टीत खून पाहिलेली बाई पथारीवर देठ खुडायला येते. ती कुणाला काही सांगत नाही.

शिक्षक : तिथे तिला काय ऐकू येतं?

विद्यार्थिनी : कांडप लांब आहे. जवळ फक्त ठसका. मिरचीनं सगळ्यांनाच लागतो, म्हणून तिच्या ठसक्याकडे कुणी बघत नाही.

घरघर जाते. चौकटीत देठ खुडणारे दोन हात उरतात, नावं सावकाश येतात आणि मधूनमधून चौकटीबाहेरून ठसका ऐकू येतो. शेवटच्या नावापाशी ठसका थांबतो, हातही थांबतात.